टाचणातलं चुकीचं उत्तर

"तारळकरबाई, ह्या उपासे सरांची नोकरी आता तुमच्या अक्षरात आहे," असं म्हणून हुलवान सरांनी माझ्या शिवणयंत्रावर एक कोरी वही आपटली. यंत्रात सातवीतल्या एका मुलीचा परकर होता. तो तसाच ठेवून मी उठले, कारण हुलवान सर मुख्याध्यापक होते आणि मी तासिकेवर नेमलेली शिवणाची बाई.

"साहेब सोमवारी येणार. दहावी ब चा गणिताचा एक तास बघणार. जमलं तर हा माणूस कायम, नाही जमलं तर नारळ."

"ह्या माणसाला कळवलंय का?"

"कळवलंय म्हणून तर ते मघापासून प्रयोगशाळेत बसलेत. पाणी प्यायला पण बाहेर येईनात."

आमची शाळा विट्याकडची. निम्म्या वर्गाचे बाप लांब परराज्यात सोनं गाळायच्या धंद्यात. दिवाळीला आणि जत्रेला गावात दिसायचे. तेवढ्या आठ दिवसांत ते शाळेच्या कारभारात लक्ष घालून घ्यायचे. त्या दिवाळीत त्यांच्यातल्या चौघांनी संस्थेकडे लेखी तक्रार केली होती. तक्रारीत एकच वाक्य कामाचं होतं. "गणिताचे सर फळ्याला शिकवत्यात, पोरास्नी न्हाई."

तक्रार खरी होती. गंगाधर उपासे, वय सव्वीस, सोलापूरकडचे, एम. एस्सी. पहिल्या वर्गात. बांधा असा की मुलं आडनावाची फोड करून त्यांना उपाशी सर म्हणायची. गणित त्यांना इतकं यायचं की मधल्या पायऱ्या त्यांच्या मनातच होऊन जायच्या आणि फळ्यावर पहिली ओळ आणि शेवटची ओळ एवढंच उतरायचं. मुलांकडे पाहिलं की त्यांचा घसा सुकायचा, म्हणून ते फळ्याकडे पाहायचे. तीन वर्षांत दहावी ब ने त्यांची पाठ चांगली ओळखली होती. शिक्षणसेवक म्हणून ती तीन वर्षं आता संपत आली होती आणि वैशाखात त्यांचं लग्न ठरलेलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांचा दर आठवड्याला शाळेत फोन यायचा. "कायम झाले का?" एवढंच विचारायचे. तब्येतीची चौकशीसुद्धा नाही.

आता अक्षराचं सांगते. टाचण म्हणजे उद्याच्या तासाला काय शिकवायचं, कसं शिकवायचं, मुलं काय करतील, हे शिक्षकानं आदल्या दिवशी लिहून ठेवायचं. असा नियम. आमच्याकडे ते वर्षभराचं टाचण तपासणीच्या आदल्या रविवारी एकदम लिहिलं जायचं, आणि लिहायची मी. माझं अक्षर छापल्यासारखं होतं. एकदा मराठीच्या बाईंना हौसेनं लिहून दिलं, तेव्हापासून अकरा शिक्षकांच्या वह्या माझ्याकडे. डावीकडे जुनी वही, उजवीकडे नवी वही. तारखा तेवढ्या बदलायच्या. 'शिक्षक कृती' निळ्या शाईनं, 'विद्यार्थी कृती' काळ्या शाईनं, मथळे लाल. आणि विद्यार्थी कृतीच्या रकान्यात, विषय कुठलाही असो, एक वाक्य ठरलेलं. "विद्यार्थी अचूक उत्तर देतात."

मी स्वतः दहावीला गणितात तीनदा नापास. शिवणसुद्धा कुणाकडे शिकले नाही, जुनी झंपरं उसवून उसवून शिकले. पण माझ्या वह्यांतलं एकही पोर सहा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

उपासे सर दुपारच्या सुट्टीत माझ्या व्हरांड्यात आले. हातात गाईड.

"बाई, हे बघून लिहा. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं प्रमेय. ह्यात सगळं आहे."

मी वाचलं. दोन त्रिकोण समरूप असतील तर त्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर हे त्यांच्या संगत भुजांच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढे असते. मग सिद्धता. मग विद्यार्थी अचूक उत्तर देतात.

"लिहिते," मी म्हटलं. "पण सर, एक विचारू? हे तुम्ही शिकवलं, तर ते देतील का अचूक उत्तर?"

ते स्टुलावर बसले. माझ्या. "नाही," म्हणाले.

"मग काय देतील?"

"काहीच नाही. ते खिडकीतून बाहेर बघतील. मी फळ्याकडे बघीन. साहेब घड्याळाकडे बघतील."

सगळ्या शिक्षकांत हा एकच माणूस आपली वही स्वतः आणून द्यायचा आणि परत नेताना उघडून वाचायचा. बाकीचे वजन करून बघायचे, जाड दिसते का. त्यामुळे मला वाईट वाटलं.

"मला सांगा," मी म्हटलं. "मी तीनदा नापास झालेली आहे, माझ्यापेक्षा मठ्ठ तुम्हाला दहावी ब मध्ये मिळायचं नाही. मला कळलं तर त्यांना कळेल."

त्यांनी खडू घेतला. माझ्या व्हरांड्यात फळा नव्हता, म्हणून नाइलाजानं ते माझ्याकडे बघून बोलले. बाजू दुप्पट, म्हणून वर्ग चार, म्हणून क्षेत्रफळ चौपट.

"थांबा," मी म्हटलं. "बाजू दुप्पट केली तर कापड दुप्पट लागणार ना?"

"चौपट."

"कसं चौपट? दुप्पट मोठं, दुप्पट कापड."

"बाई, लांबीपण दुप्पट आणि उंचीपण दुप्पट."

"मग तेच म्हणते मी. दुप्पट."

त्यांनी खडूनं हवेत एक त्रिकोण काढला. आणि मला एकदम तालमीचं निशाण आठवलं. आठ वर्षांपूर्वी, मी नुकतीच शिवायला लागले होते, तेव्हा आमच्या गल्लीतल्या तालमीनं जत्रेसाठी माझ्याकडून निशाण शिवून घेतलं. जुनं त्रिकोणी होतं, नवं त्याच्या दुप्पट उंच आणि दुप्पट लांब हवं. मी जुन्याला लागलं होतं त्याच्या दुप्पट कापड पोपटशेठच्या दुकानातून आणलं. ते अर्ध्यातच संपलं. शेवटी उरलेल्या जागी माझ्या सासूबाईंच्या लुगड्याचा तुकडा जोडला, आणि पैलवान ते घेऊन मिरवले. गाव अजून त्याला लुगड्याचं निशाण म्हणतं. मी पोपटशेठच्या दुकानासमोर उभी राहून, मापात मारलं, मापात मारलं, म्हणून अख्ख्या बाजाराला ऐकवलं. तेव्हापासून मी त्यांच्या दुकानाची पायरी चढले नव्हते.

हे सगळं मी सरांना सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. हसताना ते अगदीच दहावीतले दिसायचे.

"बाई, पोपटशेठनं नाही मारलं हो."

"मारलंच. त्यांची गजपट्टी आखूड आहे."

"तुम्हाला चौपट लागणार होतं."

"असं तुम्ही म्हणता."

त्यांनी हसू आवरलं आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. "बाई, तुम्ही हे लिहून द्या."

"निशाणाचं?"

"सगळं. तुम्ही काय म्हणालात, मी काय म्हणालो, तुम्हाला कुठं पटलं नाही. दहावी ब कुठं काय म्हणेल तेही लिहा. तुम्हाला पोरं माहिती आहेत, तुम्ही त्यांना पाचवीपासून बघता. मी ते पाठ करतो. वहीत गाईडातलंच लिहा, साहेबांना दाखवायला. हे फक्त माझ्यासाठी."

मग शुक्रवार, शनिवार आम्ही तेच केलं. मी दोन पानी लिहिलं, ते वाचायचे, म्हणायचे इथं मी काय करू, मी म्हणायचे गप्प बसा. तेच त्यांना जमत नव्हतं. प्रश्न विचारला की अर्ध्या श्वासात स्वतःच उत्तर देऊन मोकळे. शेवटी मी त्यांना वीस आकडे मोजायला लावले. मी त्रिकोणी तुकडे मांजरपाटाचे कापून ठेवले. वर्गात कापायला कात्री लागणार होती, आणि माझी कात्री मी कुणाच्या हातात देत नाही. आजही देत नाही. लोक तिनं कागद कापतात आणि धार घालवतात. म्हणून ठरलं की मीही वर्गात बसायचं, शैक्षणिक साहित्य म्हणून.

रविवारी मी अकरा वह्या संपवल्या. उपासे सरांची शेवटची. डावीकडचं उजवीकडे उतरवताना मी वाचत नाही. वाचलं तर हात अडखळतो. सोमवारी सकाळी हुलवान सरांनी अकराही वह्यांवर एका दमात सह्या केल्या. तपासले, योग्य. तपासले, योग्य. तेही वाचत नाहीत.

आष्टेकर साहेब म्हणजे संस्थेचे निरीक्षक. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि हातात नुसती पेन्सिल. ते शेवटच्या बाकावर बसले. त्यांच्या शेजारी हुलवान सर बसणार होते, पण चहाचं बघायला गेले, म्हणून तिथं कात्री मांडीवर घेऊन मी बसले.

"आपण कोण?"

"शिवणाची बाई."

"गणिताच्या तासाला?"

"कात्री माझी आहे."

साहेबांनी मान डोलावली, जणू हे कारण नियमात बसत होतं, आणि उपासे सरांचं टाचण उघडलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी सहज नजर टाकली.

माझ्या छापील अक्षरात, लाल मथळ्याखाली, काळ्या शाईनं लिहिलं होतं, "सगळे ओरडतील, दुप्पट. खिलारे सर्वांत मोठ्यानं. सरांनी हसू नये."

 डावीकडे चुकीचे कागद ठेवले होते मी. गाईड तसंच पिशवीत राहिलं आणि ते दोन पानी आमचं खासगी बोलणं मी तीन रंगांत, समास सोडून, उजवीकडे उतरवून काढलं होतं.

साहेबांची पेन्सिल ओळीखालून सरकत होती. मीही वाचत होते. दुसरं काय करणार.

"लैला मुलाणी म्हणेल, सर, धुतल्यावर आटलं असेल. मुलाणीला गप्प करू नये, तिच्यामुळेच वर्ग जागा राहतो."

"इथे सरांनी खिशात हात घालून उभे राहावे. वीस आकडे मोजावेत. फळ्याकडे वळू नये. वळावेसे वाटल्यास खिडकीकडे वळावे."

"हेतू : सरांना पाठ न दाखवता उभे राहता येणे."

साहेबांनी पेन्सिल टेकवली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "अक्षर सुरेख आहे."

"हो," मी म्हटलं.

पुढं उपासे सर उभे होते. टेबलावर त्यांनी खडूनं एक मोठा त्रिकोण आखला, त्याच्या बाजूला एक हातभर मांजरपाटाचा छोटा त्रिकोण ठेवला. आणि आमच्या ठरल्याप्रमाणे वर्गाकडे तोंड करून, आवाज थोडा कापत, पण स्पष्ट विचारलं, "हे एका तालमीचं जुनं निशाण. नवं ह्याच्या दुप्पट उंच, दुप्पट लांब पाहिजे. कापड किती पट लागेल?"

"चौपट!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

सर तसेच उभे राहिले.

मी वर्गाकडे बघितलं. सगळ्यांत मोठ्यानं खिलारेच ओरडला होता, पण चौपट. बापू खिलारे! ज्यानं सातवीत मला अर्ध्या मीटरचे सेंटीमीटर पाचशे सांगितले होते.

पहिल्या बाकावरची एक मुलगी वळून दारातल्या हुलवान सरांकडे बघत होती, बरोबर आलं का, अशा नजरेनं. हुलवान सर दारात कपबश्यांचा ट्रे धरून उभे होते आणि अभिमानानं हसत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. शनिवारी शाळा सुटल्यावर हुलवान सरांनी दहावी ब ला अर्धा तास थांबवलं होतं. उपासे सरांना त्यांनी एवढंच विचारून घेतलं असेल, कुठला धडा. मग गाईड उघडून उत्तर काढलं, बाजू दुप्पट तर चौपट, आणि पोरांकडून घोकून घेतलं. इतिहास शिकवायचे ते. बिचाऱ्यांनी भल्यासाठीच केलं.

पण आमचा सगळा तास त्या एका चुकीच्या उत्तरावर उभा होता. पोरं दुप्पट म्हणणार, मग त्यांनाच दुप्पट कापड द्यायचं, मग ते कमी पडणार, मग गोंधळ, मग शिकणं. चौपट म्हटल्यावर तास संपलाच. पुढच्या चौतीस मिनिटांत करायचं काय?

उपासे सरांच्या ओठांवर आकडे दिसत होते. सात, आठ, नऊ. त्यांना काही सुचत नव्हतं म्हणून ते मोजत होते. अकराला त्यांचा उजवा खांदा फळ्याकडे वळायला लागला. तो खांदा मी ओळखत होते. एकदा तो वळला की घंटेपर्यंत परत यायचा नाही, आणि मग वैशाखही नाही आणि सासरेही नाहीत.

"सर," मी उभी राहिले. "दुप्पट."

वर्ग मागं वळला. साहेबांची पेन्सिल हवेत थांबली.

"काय म्हणालात बाई?"

"दुप्पट लागेल. दुप्पट मोठं, दुप्पट कापड. ही पोरं काय बोलतायत मला कळत नाही."

"बाई, चौपट असतंय!" खिलारे म्हणाला.

"कशावरून?"

खिलारेनं इकडंतिकडं बघितलं. "असतंयच."

"तुला कुणी सांगितलं?"

आता सगळा वर्ग दाराकडे बघायला लागला. ट्रेमधल्या बश्या वाजल्या.

उपासे सरांचा खांदा परत आला. ते म्हणाले, "या बाई. पुढं या. दुप्पट म्हणता ना, मग दुप्पट कापड घ्या आणि निशाण करून दाखवा."

मी पुढं गेले. दोन छोटे त्रिकोण घेतले आणि टेबलावरच्या मोठ्या आखणीत मांडले. एक ह्या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. मध्ये उघडं लाकूड. मी तुकडे सरकवले. फिरवले. एक मधोमध कापून दोन केला आणि परत जोडून ठेवला. पोरं बाकांवर चढली.

"बाई, तिकडं ओढा!"

"ओढून कापड वाढतंय व्हय रे?"

"बाई, धुतल्यावर आटलं असंल," लैला मुलाणी म्हणाली, आणि शेवटच्या बाकावर साहेबांना एकदम खोकला आला.

"पोपटशेठनं मापात मारलं असणार," मी म्हटलं, आणि ते मी नाटक म्हणून म्हटलं नव्हतं. माझा हात खरंच त्या उघड्या लाकडावर फिरत होता आणि डोकं म्हणत होतं, दुप्पट घेतलंय, पुरलं पाहिजे.

सर खिशात हात घालून उभे होते.

"अजून एक द्या बाईंना," कुणीतरी म्हणालं. तिसरा तिसऱ्या कोपऱ्यात बसला. आता मध्ये जे उघडं राहिलं ते त्रिकोणीच होतं, पण उलटं. मी चौथा तुकडा घेतला आणि तो सरळच बसवायला लागले. बसेना.

"उलटा, बाई! उलटा घाला!" लैला बाकावरून उडी मारून आली, माझ्या हातातून तुकडा ओढला, फिरवला आणि बसवला. तिन्ही कडा जुळल्या. मग खिलारे हळू आवाजात, स्वतःशीच म्हणाला, "आयला, खरंच चौपट हाय की."

साहेब होते, तरी कुणी त्याला दटावलं नाही.

"तिप्पट केलं तर?" सरांनी विचारलं.

आता हे हुलवान सरांनी घोकून घेतलेलं नव्हतं. "सहापट!" खिलारे पूर्ववत मोठ्यानं ओरडला, आणि मला एवढं भरून आलं त्याच्याबद्दल.

मग पोरांनी मला बाजूला ढकललं. जमिनीवर आखणी झाली. तुकडे कमी पडले, मी बसून कापत राहिले. पोरं मांडत होती, भांडत होती, एकमेकांच्या तुकड्यांवर गुडघे देत होती. नऊ भरले. लैलानं ओळी मोजल्या. "सर, वरच्या ओळीत एक, खाली तीन, त्याच्या खाली पाच. पुढच्यात सात येणार बघा. म्हणजे सोळा. चार चोक सोळा!" आमच्या दोन पानांत हे कुठंच नव्हतं. सरांनाही ते माहीत असून सुचलं नव्हतं. ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले, पँटला खडू लावून घेतला, आणि म्हणाले, "परत सांग." घंटा झाली तेव्हा फळा कोरा होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा गार झाला होता. साहेब खुर्चीत, हुलवान सर उभे, उपासे सर उभे, आणि मला बोलावून घेतलेलं.

"हुलवान," साहेबांनी टाचण उघडलं, "हे ऐका. 'हेतू : सरांना पाठ न दाखवता उभे राहता येणे.' खाली तुमची सही. तपासले, योग्य."

हुलवान सरांचा चेहरा मी सांगत नाही. पण मुख्याध्यापक उगाच होत नाही माणूस. "साहेब," ते म्हणाले, "नवी पद्धत आहे."

"असं. उपासे, हे टाचण तुमचं?"

इथं नुसतं हो म्हणायचं होतं. बाकीच्या दहाच्या दहा जणांनी म्हटलं असतं. मी सरांच्या पायावर पाय द्यायला पुढं सरकले, पण ते लांब उभे होते.

"नाही साहेब. बाईंनी लिहिलंय."

"अक्षर बाईंचं, की मजकूरही?"

"मजकूरही. मला सुचलं नसतं."

हुलवान सरांनी डोळे मिटले. टाचण स्वतः न लिहिणाऱ्या शिक्षकाला कायम करता येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. साहेबांनाही.

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला उत्तर माहीत होतं. इथं लिहिलंय तुम्हीच, चौपट. मग वर्गात दुप्पट का म्हणालात? ह्यांना वाचवायला?"

"थोडं त्यासाठी," मी म्हटलं. "पण साहेब, उत्तर माहीत होतं, पटलं नव्हतं. सरांनी चौपट सांगितलं, मी लिहून घेतलं. सांगितलेलं लिहून घ्यायला मला काही अडचण येत नाही. अकरा जणांचं घेतलंय. तो चौथा तुकडा उलटा बसेपर्यंत मला दुप्पटच वाटत होतं. अजून थोडं वाटतंय."

साहेबांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. परत घातला.

"एकतीस वर्षं तपासणी करतोय," ते म्हणाले. "शेकड्यानं वर्ग बघितले. माझ्यासमोर एकाही पोरानं कधी चुकीचं उत्तर दिलं नाही. मी पण चक्रम, मला वाटायचं जिल्हा हुशार आहे." पेन्सिल ठेवून त्यांनी पहिल्यांदाच खिशातलं पेन काढलं आणि टाचणावर शेरा लिहिला. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे सरकवली. "वाचा. तुमच्या अक्षराशेजारी माझं जरा खराब दिसतंय."

शेरा असा होता. "पाठ समाधानकारक. शिक्षकास सेवेत कायम करण्याची शिफारस. यापुढे टाचण स्वतःच्या हाताने लिहावे. विद्यार्थी काय चुकतील ते लिहिल्याशिवाय टाचणावर सही करू नये. हा नियम सर्व विषयांस लागू."

शेवटचं वाक्य वाचून स्टाफरूममध्ये दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. दहाजणांना आपापलं टाचण लिहायची वेळ आली, आणि तीही आदल्या दिवशी. मराठीच्या बाई तर म्हणाल्या, "तुझं भलं होवो," आणि ते ज्या आवाजात म्हणाल्या त्यात भलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत उपासे सर व्हरांड्यात आले. सासऱ्यांना फोन करून झाला होता. हातात वही. अक्षर असं की कोंबडी परवडली, पण त्यांचंच.

"बाई, उद्या नववी ब ला बैजिक राशी आहे. लिहिलंय. 'मुलं कुठे चुकतील' हा रकाना मात्र कोराच राहिलाय."

"का?"

"मला सगळं सोपंच वाटतंय. म्हणजे माझंच कुठंतरी चुकतंय. तुम्ही वाचता का? लिहून द्यायचं नाही, साहेबांनी बंदी घातलीय. नुसतं वाचायचं."

मी वाचायला घेतलं. पहिली ओळ कळली. दुसरी कळली असं वाटलं. सर माझ्या बोटाकडे बघत होते, श्वास रोखून, म्हातारी बाई जिना उतरताना बघावं तसं. तिसऱ्या ओळीवर माझं बोट थांबलं.

"इथं," मी म्हटलं. "हा एक्स आला कुठून?"

"अडलात?"

"चांगलीच अडले."

पुढं कायमचं पत्र आलं त्या दिवशीसुद्धा ते एवढे खूश दिसले नाहीत. तिथंच, व्हरांड्याच्या पायरीवर बसून, वही मांडीवर घेऊन, त्या कोऱ्या रकान्यात त्यांनी कोंबडीच्या पायांनी लिहायला सुरुवात केली.